फाइलीत लिहिलं होतं : असंबद्ध बडबड

"तू पेशंट हो," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुला अभिनय करावा लागणार नाही."

हॉल हसला. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून पचलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका खाजगी मनोरुग्णालयात मी समाजसेविका म्हणून नुकतीच लागले होते. त्या दिवशी जिल्ह्यातल्या समाजसेवकांचं प्रशिक्षण होतं. विषय, समुपदेशनाच्या पद्धती. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या रुग्णालयाच्या प्रमुखांनी, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. एका खुर्चीत थेरपिस्ट म्हणून आमच्या मानसतज्ज्ञ मॅडम बसल्या. दुसऱ्या खुर्चीसाठी डॉक्टरांनी हॉलभर नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली.

"ही पेठकडची आहे. डोंगरातली. अशिक्षित बाई कशी बोलते ते हिला छान येईल. बोल गं तुमच्या भाषेत."

मी एमएसडब्ल्यू. मनोविकार विषयात वर्गात दुसरी. गेलेल्या माणसाच्या दुःखावरचे उपचार, कुटुंबाबरोबरचं काम, विचारांची फेरतपासणी, सगळं वाचलेलं, लिहिलेलं, तोंडपाठ. मी त्या खुर्चीत बसले आणि आमच्या, म्हणजे कोकणा आदिवासींच्या, कोकणीत चार वाक्यं बोलले. माझ्या आईची भाषा. लोक पोट धरून हसले. मॅडमनी रुमालानं डोळे पुसले.

चहाच्या वेळी डॉक्टर सगळ्यांना समजावत होते. "समाजसेवक म्हणजे आमचे पाय. पत्ता शोधा, नातेवाईक आणा, फॉर्म भरा. डोकं आम्ही चालवतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाईट नाही ना वाटलं? कोट्यातून आलेल्यांनी एवढं मनाला लावून घेऊ नये."

"नाही सर," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी तोंड धुऊन काढलं. आमच्या बोलीतला एक शब्द बाहेर पडू दिला नाही. मेसमधल्या बाईनं गाव विचारलं तरी सांगायचे, नाशिकच. भाऊ भेटायला आला तर त्याला गेटबाहेर न्यायचे, तिथं कोणी ऐकत नाही ना बघायचे, मग बोलायचे. भावाच्या लक्षात आलं. तो यायचा बंद झाला.

पुढे काही महिन्यांनी जनीबाई आली. हे तिचं खरं नाव नाही. पेठपलीकडच्या पाड्यावरची, तिशीची. तिच्या भावानं एसटीनं आणली होती. नवऱ्यानं आधी भगताकडून मंत्र-उतारा केला, मग हात टेकले. ती जेवत नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची आणि एकच वाक्य म्हणायची. दिवसभर. हळू, एका सुरात.

"मानी पोसी कठ ठेवली?"

भाऊ तिला सोडून लगेच परतला होता. डॉक्टर राऊंडला आले. मागे मॅडम, नर्स, मी.

"काय म्हणतेय ही? कोणाला कळतंय?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तिकडचीच ना?"

मला कळलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच. माझी मुलगी कुठं ठेवली, एवढंच विचारत होती ती.

मी म्हणाले, "नाही सर. आमच्याकडे वेगळं बोलतात."

डॉक्टरांनी फाइल मागितली. लिहिलं, असंबद्ध बडबड. बुद्धी कमी. संवादोपचारास अयोग्य. औषध वाढवलं. जनीबाईच्या तोंडून लाळ गळायला लागली, जीभ जड झाली, तरी ती तेच विचारत राहिली. आठ दिवस. मी त्या खोलीत फॉर्म घेऊन जायचे, रकाने भरायचे, बाहेर यायचे. डॉक्टरांना भाषा येत नव्हती. मला येत होती. जास्त मोठा गुन्हा कुणाचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

नवव्या दिवशी नर्स तिला भरवत होती. चमचा दातांवर आपटत होता. "गिळ गं, नाटकं नको," नर्स म्हणाली. जनीबाईनं तोंड फिरवलं आणि थेट माझ्याकडे बघितलं. वाक्य तेच. आवाज जवळजवळ संपलेला.

मी नर्सच्या हातातून वाटी घेतली. जमिनीवर बसले. म्हणाले, "माला ठावकी नाहीं. पन आपुन सोदू."

ती थांबली. कितीतरी वेळ माझं तोंड न्याहाळत राहिली. मग माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी फुटली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगी नऊ वर्षांची, आश्रमशाळेत. ताप आला, गेली. ओढ्याला पूर होता, रस्ता बंद होता. निरोप पोचायला तीन दिवस लागले. आई पोचेपर्यंत पुरून झालं होतं. कुठं, ते कुणी दाखवलं नाही. हेडमास्तर मीटिंगला गेलेले. शिपाई म्हणाला, साहेब आल्यावर या. तीन वेळा गेली. चौथ्या वेळी गेटवर आडवी पडली, तेव्हा वेडी ठरली.

मी तिची माफी मागितली. सगळं सांगून. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, हेही. ती दोन दिवस माझ्याकडे पाठ करून बसली. तो तिचा हक्क होता.

औषध कमी करून घ्यायला मी मॅडमच्या मागे लागले. ती काय विचारते आहे तेही सांगितलं. "तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. "ती माझी भाषा आहे," मी म्हणाले. औषध कमी झालं. फाइलीतला शेरा कोणी खोडला नाही.

मग मी रजा काढली, तिच्या भावाला बोलावलं आणि आम्ही तिघं सीबीएस स्टँडवरून एसटीनं निघालो. शाळेत पुन्हा तेच, साहेब नाहीत. पण स्वयंपाकाची म्हातारी बाई आमचं बोलणं ऐकून हात पुसत बाहेर आली. काही न विचारता पुढे चालायला लागली. ओढ्यापलीकडे, मोहाच्या झाडाखाली, दगडांचा लहानसा ढीग होता. "मीच दगड लावले," म्हातारी म्हणाली. "कुत्री उकरतील म्हणून."

जनीबाई बसली. एकेक दगड हाताळला. एक सरळ करून ठेवला. आणि मग तिनं हंबरडा फोडला. मी शेजारी बसून राहिले. दुपार कलेपर्यंत. यालाही शास्त्रात नाव आहे, पद्धत आहे. मला ती शिकवलेली होती. कुणाच्या परवानगीशिवाय मी ती पहिल्यांदा वापरली.

ती जेवायला लागली. वाक्य थांबलं. मी प्रत्येक भेट रजिस्टरमध्ये लिहीत गेले, ती बोलली ते तिच्याच शब्दांत. एकदा मॅडम रजिस्टर घेऊन गेल्या. परत आणलं तेव्हा म्हणाल्या, "सरांना आवडलंय. फार आवडलंय."

जनीबाई घरी गेली. दोन महिन्यांनी मला डॉक्टरांचा निरोप आला, तिला तपासणीसाठी बोलाव. तपासणी मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात होती. वर झुंबरं, खाली गालिचा, बाहेरगावचे डॉक्टर. मोठे डॉक्टर व्याख्यान देत होते आणि पडद्यावर माझं रजिस्टर होतं. माझी वाक्यं इंग्रजी होऊन, खाली त्यांचं नाव लावून. आदिवासी रुग्णांसाठी त्यांनी विकसित केलेली पद्धत, असं ते म्हणत होते. त्यांच्या त्या पद्धतीत मोहाचं झाडसुद्धा होतं.

जनीबाईला स्टेजवर खुर्चीत बसवलं. मला तिच्याजवळ उभं केलं, हातात माइक दिला.

"तिला तिच्या भाषेत सांग," डॉक्टर म्हणाले. "ते सुरुवातीचं वाक्य पुन्हा म्हणू दे. आधी कशी बोलायची ते लोकांना ऐकू दे."

जनीबाईनं मला खालच्या आवाजात विचारलं, हा काय सांगतोय? मी सांगितलं. जसंच्या तसं. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"नाहीं," ती म्हणाली.

मी माइक तोंडाजवळ धरला. "त्या नाही म्हणतात. मीही नाही म्हणते."

हॉलमध्ये कुजबुज. डॉक्टर हसत म्हणाले, "जरा लाजतेय. तू समजाव."

"ती लाजत नाहीये, सर. ती मेलेल्या मुलीचा पत्ता विचारत होती. तुम्ही फाइलीत असंबद्ध बडबड लिहिलंत. मला कळत होतं आणि मी गप्प बसले. दोघंही चुकलो. मी तिची माफी मागितली आहे. तुम्ही मागा. ती इथंच बसली आहे."

"माइक खाली ठेव. लायकी काय तुझी?"

"हे रजिस्टर मी लिहिलंय. एवढी आहे."

मी जनीबाईचा हात धरला. आम्ही मधल्या वाटेनं चालत बाहेर आलो. एकही माणूस उठला नाही. दार ओढायचं होतं, मी ढकलत राहिले. जनीबाईनं ते ओढून उघडलं. रस्त्यावर आल्यावर तिनं पेठची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी तिला एसटीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मेमो. शिस्तभंग. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज मऊ. "सॉरी लिहून दे, विषय संपव. तुझ्यासारख्या मुलीला असं हॉस्पिटल पुन्हा मिळेल का?" मी तिथंच त्यांचं पेन घेऊन खुलासा लिहिला. माफी मागण्यासारखं मी एकच कृत्य केलं आहे, ती माफी मागून झाली आहे. खाली सही. आठवड्यात मला काढलं.

दोन वर्षं मला नाशिकच्या कुठल्याच मनोरुग्णालयानं उभं केलं नाही. मुलाखतीच्या आधीच डॉक्टरांचा फोन आलेला असायचा. मग पेठला एका छोट्या संस्थेत लागले. पाड्यापाड्यावर जाते. आमच्या भाषेत विचारते, आमच्या भाषेत लिहिते, खाली माझी सही करते. आता नवे समाजसेवक शिकायला येतात. शहरातली मुलं-मुली माझी भाषा ऐकून हसली, तर मी शिकवणं थांबवते आणि का हसलात ते विचारते. उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नाही. काही जण रडतात. रडू देते.

मोठ्या डॉक्टरांना मध्ये पुरस्कार मिळाला. त्याच पद्धतीसाठी. जुन्या सहकाऱ्यांनी मला सांगितलं, सोडून दे आता, झालं गेलं. राग सोडायचा कसा, ते मलाही शिकवता येतं. श्वासाचे व्यायाम, लिहून काढणं, पत्र लिहून फाडणं. ज्यांना त्यांचा राग आतून खातो त्यांना मी हे सगळं शिकवते, आणि त्यांना बरं वाटतं.

माझा राग मला खात नाही. तो सकाळी मला उठवतो, डोंगर चढायला लावतो, समोरच्या बाईचं वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसवतो. तो मी सोडणार नाही. माझी केस, माझी सही, माझी भाषा, यातलं काहीही पुन्हा कुणाच्या हातात देणार नाही. मागायला आले तरी नाही. हात जोडून आले तरी नाही.