शेवटच्या पंगतीला धूमकेतू

"पावणं, ही तोफ कुनावर डागायची?"

कोल्हापूरच्या स्टँडवर आजऱ्याच्या एस.टी.चा कंडक्टर माझ्याकडच्या वाकळेत गुंडाळलेल्या लांबड्या बोचक्याकडे बघून ओरडला आणि अख्खी गाडी हसली. दुर्बीण आहे, आजऱ्याला धूमकेतू दाखवायला चाललोय, असं मी सांगितलं, तर म्हणतो कसा, "मग टाका की टपावर!" टपावर! आमच्या मंडळाचा सगळा जीव त्या पितळी नळीत, आणि हा गडी ती कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बांधायला निघालेला. शेवटी तिपाई वर गेली आणि नळी माझ्या मांडीवर, आजारी पोर घेऊन बसावं तशी. तिकिटं फाडताना आणे आणि नवे पैसे यांचा घोळ झालाच. कंडक्टरचं आणि मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याचं त्यावरून कागल येईपर्यंत चाललं होतं.

तर तोवर सांगून टाकतो, मी का निघालो होतो ते. आम्ही काही शिक्षक, काही कारकून आणि एक कापडवाले अण्णा, अशी तारे बघायचा नाद असलेली माणसं. वर्गणी काढून एक जुनी दुर्बीण घेतलेली. सभासद कोल्हापूर, इचलकरंजी, हातकणंगले आणि आजरा अशा चार ठिकाणचे, आणि दुर्बीण एकच. कुठल्या गावाला ती कधी द्यायची हे ठरवणारा चिटणीस मी. दुर्बीण चिटणिसाशिवाय कुठंही मुक्कामाला ठेवायची नाही, हा नियमही मीच केलेला. गुरू, शनी बघायचे तर घाई नसते, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. पण या उन्हाळ्यात धूमकेतू आला आणि माझी पंचाईत झाली. हा रोज थोडा फिका पडणार, आणि गेला की आपल्या हयातीत काही परत यायचा नाही. म्हणजे पहिली पाळी ज्याची त्याला भरलेलं ताट, आणि शेवटची ज्याची त्यानं पातेलं खरवडायचं.

आजऱ्याला माझी थोरली बहीण दिलेली आहे, आक्का. मला सप्तर्षी तिनं दाखवले. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो, आणि ती माझं बोट धरून एकेका ताऱ्यावर नेऊन ठेवायची. पुढं तिचं लवकर लग्न झालं, शाळा सुटली, आणि मी शिकून गणिताचा मास्तर झालो. दुर्बीण घेतली तेव्हाच तिनं सांगून ठेवलं होतं, "आमच्या गावात आली की पैली मी बगनार." धूमकेतू आल्यापासून तर दर आठवड्याला एस.टी.च्या ड्रायव्हरकडून तिचा निरोप यायचा, की अंगणातनं शेपूट दिसतंय, डोकं बघायचंय, दुर्बीण कवा धाडतोस?

आणि मी आजरा शेवटी टाकलं.

का, तर बहिणीचं गाव म्हणून पुढं घेतलं असं कुणी म्हणू नये! मंडळाच्या बैठकीत अण्णांनी विचारलंसुद्धा, "चिटणीस, आजरा मागं का टाकलंसा? तिकडं ढग लौकर येत्यात." मी छाती काढून म्हणालो, "आपलंच हाय की ते. घरची माणसं शेवटच्या पंगतीला." सगळ्यांनी माना डोलावल्या. चिटणीस असावा तर असा, असं कुणीतरी म्हणालं. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

कोल्हापूरची पाळी आमच्याच गच्चीवर झाली, कारण तिथून वायव्य मोकळी दिसते. धूमकेतू तेव्हा ऐन भरात होता. दिवेलागणीला जी गर्दी व्हायची ती विचारू नका, वकील काय, डॉक्टर काय, पेठेतल्या तालमीचे पैलवान काय. जिना धडधडत असायचा आणि खालून कपबशा वर येत असायच्या. माझी बायको इंदू, तिच्या हातच्या चहाचं धूमकेतूपेक्षा जास्त कौतुक झालं. मग इचलकरंजी. तिथल्या मागवाल्यांना म्हटलं, तुमची पाळी आली, तर त्यांनी विचारलं, दिवसपाळी का रातपाळी? कारखान्यातनं सुटून, केसांना कापसाची कुसं लागलेली माणसं रांगेत उभी राहिली आणि मन लावून बघून गेली. हातकणंगल्याला रेल्वेच्या इंजिनाच्या धुरानं निम्मी संध्याकाळ खाल्ली. एव्हाना शेपूट नुसत्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. आक्काचा निरोप यायचाही थांबला होता.

असो. गाडीत बसू या परत. तुम्हाला जायचं असेल तर सकाळची गाडी धरा, दुपारची गाडी उन्हानं भाजून काढते. निपाणीला गाडी बराच वेळ थांबते. स्टँडसमोरची भजी गरम असतील तरच घ्या, मी गार घेतली आणि उत्तूरपर्यंत पस्तावलो. निपाणीपुढं तंबाखूचा वास मागं पडतो, रस्ता चढउताराचा होतो आणि माती लाल होत जाते. रस्ता बरा आहे असं मी लिहिणार नाही. प्रत्येक खड्ड्याला मी नळी छातीशी धरत होतो आणि शेजारची बाई विचारत होती, "काचंचं हाय व्हय?" आजरा जवळ आलं की काजूची झाडं लागतात आणि पिकलेल्या बोंडांचा आंबटगोड वास गाडीत शिरतो. हा वास घ्यायला तरी या दिवसांत जाच.

आक्का स्टँडवर आली होती. डोईवरचा पदर सावरत तिनं आधी बोचक्यावर हात फिरवला, मग माझ्याकडं बघितलं.

"बापू, हाय न्हवं रं अजून त्यो?"

"हाय की. दुर्बिणीतनं चांगला दिसतोय," मी म्हणालो. चांगला कसला, पुसत चाललेला होता. पण आहे म्हटल्यावर ती जी हसली, ते हसू बघून मला पुढं बोलवेना.

दुपारी घनसाळ भात, काजूची उसळ, वर ताक. आजऱ्याला जाऊन हॉटेलात जेवू नका, कुणाच्या तरी घरी ओळख काढा. शिजायला लागला की घनसाळचा वास शेजारीपाजारी जातो. जेवताना मात्र माझं लक्ष दारातून आभाळाकडं. वळवाचे दिवस, पश्चिमेला कापसासारखे ढग उभे राहिलेले.

संध्याकाळी माझ्या मेहुण्यांच्या, म्हणजे दाजींच्या खळ्यावर तिपाई रोवली. गावात दवंडी दिल्यासारखी बातमी गेली होती. सूर्य बुडाला, ढग जरा बाजूला सरकले आणि वायव्येचा तुकडा स्वच्छ निघाला. मी नळी फिरवत होतो, सापडेना, घामाघूम झालो. मग एकदम सापडला, पुसट, फुंकर घातलेल्या पिठासारखा.

मी मागं वळलो. आक्का पितळी तांब्या आणि फुलपात्री घेऊन उभीच होती, कोकमाचं सरबत वाटत. मी तिला हाक मारणार, इतक्यात दाजी हात वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पयला मान पावण्यांचा! एवढ्या लांबनं आणलीय त्यांनी. बापूराव, आधी तुमी."

आता काय सांगू! मी कोल्हापुरात रोज पाहिलेला, इचलकरंजीत पाहिलेला, हातकणंगल्यात पाहिलेला. पण मान मोडायचा कसा, म्हणून मी डोळा लावला. वर एवढ्या माणसांसमोर लगेच बाजूला कसं व्हायचं म्हणून जरा जास्तच वेळ लावला आणि माहितीही सांगितली. मग हेडमास्तर. मग महालकरी साहेब, ते बघता बघता बदलीच्या गोष्टी काढून बसले. मग शेजारचे, मग भावकीतले. एकेकाला सापडायला वेळ, आणि प्रत्येकानंतर नळी सरकलेली, मी पुन्हा जुळवणार. कुणी म्हणे दिसला, कुणी म्हणे "धुरकाट हाय नुसतं." पोरांनी एकमेकांना ढकललं. बायका पलीकडं घोळक्यात थांबल्या होत्या.

मध्ये मी एकदा म्हणालो, "आक्के, ये की तू."

तिनं तांब्या खाली ठेवलासुद्धा. मग रांगेकडं बघितलं आणि परत उचलला. "हुंदे सगळ्यांचं. मी काय, घरचीच."

मी काय म्हणालो असेन? "बरं" म्हणालो. चारचौघांत बहिणीला ओढून पुढं आणायची मला लाज वाटली. काय पण लाज! जिथं वाटायची तिथं वाटली नाही.

बायकांची पाळी आली. एका म्हाताऱ्या बाईनं बघून दुर्बिणीलाच हात जोडले. मग दोघीतिघी झाल्या. मग आक्कानं पदराला हात पुसले, खाली वाकली आणि डोळा लावला. मी विचारलं, दिसला? म्हटलं, हळू बघ, मधोमध आहे. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली.

"काळं दिसतंय, बापू."

मी वर बघितलं. ढगानं तो तुकडा झाकून टाकला होता. थोडं थांबू या, सरकेल, असं सगळेच म्हणाले. ढग सरकला तो पुढं नाही, सगळीकडं पसरला. वारा सुटला, टपोरे थेंब आले, आणि आक्काच धावली ती वाकळ घेऊन, दुर्बीण भिजू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी रजा वाढवली. आक्कानं संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकला, कुणाला बोलावलं नाही, दाजींनाही म्हणाली, तुम्ही बघितलाय, गप घरात बसा. खळ्यावर आम्ही दोघंच. आभाळ घोंगडी पांघरल्यासारखं. अंधार पडेपर्यंत बसलो. मी म्हणालो, दुर्बीण ठेवून जातो तुझ्याकडं.

"आनि नियम? तूच केलायस न्हवं?"

"मोडतो."

"नगं," ती म्हणाली. "माझ्यापायी तुला बोल नगं." मग माझ्याकडं न बघता, "बापू, कसा होता रं त्यो? नीट सांग की."

आणि मला सांगता येईना! इतक्या वेळा बघितला होता मी. पण डोळा लावला की माझं लक्ष मागच्या रांगेकडं, कोण आलं, कोण आलं नाही, कोण काय म्हणतंय. मी म्हणालो, पांढरा होता, मधे जरा उजळ. तिनं मान हलवली, अजून काहीतरी येईल म्हणून थांबली. आलं नाही. मी तोंड फिरवून तिपाईचे स्क्रू काढायला लागलो. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परतीच्या गाडीत पायाशी घनसाळ तांदळाची पिशवी, वर काजू. तोच कंडक्टर. "काय पावणं, झाली का डागून तोफ?" मी झोपल्याचं सोंग घेतलं.

स्टँडवर अण्णा दुर्बीण उतरवून घ्यायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. बहिणीचं गाव पुढं घेतलं म्हणून बोलाल, या भीतीनं शेवटी टाकलं, हेही सांगितलं. अण्णांनी माझ्याकडं खुळ्याकडं बघावं तसं बघितलं.

"कोन बोलनार हुतं? बहिनीला आधी दावतो म्हनला असता तर आमीच दिली नसती व्हय?"

घरी आलो. इंदूनं पाणी दिलं, तांदळात हात घालून वास घेतला, वन्सं कशा आहेत विचारलं. मी पाटावर बसून तिला सगळं सांगितलं, पंगतीचं, मानाचं, काळं दिसतंय म्हणाली त्याचं. इंदू ऐकत होती, भाकरी थापत होती. सांगता सांगता मी म्हणालो, "तूच सांग, मला तर तो धूमकेतू कसा होता ते आक्काला धड सांगताही आलं नाही. तुला कसा वाटला होता गं? पुढच्या निरोपात तुझंच कळवतो."

इंदूचा हात थांबला.

"मला?" ती म्हणाली. "मी कधी बघितला? रोज वर एवढी माणसं, चहा कोण करणार होतं?"

आणि तव्यावरची भाकरी उतरवून तिनं माझ्या ताटात वाढली.