बापूरावांची विलायती पोरं

चार मास्तर एका ओसरीवर बसले की किस्से साचतातच. शाळा सुटली, चहा झाला, कुणीतरी म्हणतं, "त्या दिवशीचं ऐकलं का?" आणि संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. आमच्या वरोऱ्याच्या शाळेत अशा दहातले नऊ किस्से एकाच माणसाचे असायचे. ते म्हणजे आमचे ड्रॉइंग मास्तर, बापूराव.

मी गणित शिकवायचो, शामराव ड्रिल घ्यायचे. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. बापूराव मूळचे चिमूरचे, पण मुंबईला जाऊन तैलचित्रं शिकून आलेले. येताना त्यांनी एक जाडजूड आल्बम आणला होता. विलायतेतल्या जुन्या चित्रकारांनी काढलेली लहान मुलांची चित्रं होती त्यात. मखमली कोटातला मुलगा, मांडीवर मांजर घेतलेली मुलगी, केसाळ कुत्र्याला टेकून झोपलेलं बाळ. गाल असे की बोट लावलं तर दबतील.

मुंबईहून आणखी एक गोष्ट त्यांच्याबरोबर आली होती. शेवटच्या वर्षी त्यांच्या सरांनी त्यांचं चित्र पाहून म्हटलं होतं, "हात तयार आहे तुझा. पण तुझी पोरं मेणाची. यांना कुणी कडेवर घेणार नाही." हे वाक्य बापूराव चहा पितानासुद्धा मधेच म्हणून दाखवायचे. तेच सर दर वर्षी नागपूरच्या चित्रप्रदर्शनाला परीक्षक म्हणून येत. त्यांच्यासमोर एक तरी जिवंत पोर ठेवायचं, एवढंच बापूरावांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी गावातली चाळीसेक पोरं रंगवली असतील. त्यातलं एकही नागपूरला गेलं नाही.

०

पहिली अडचण म्हणजे पोर बसत नाही. आल्बममधली मुलं कशी तासन् तास बसल्यासारखी वाटतात. बापूरावांचा समज असा की तिकडची पोरं जन्मतःच शांत असतात.

स्टेशन मास्तरांचा मुलगा बसवला होता. दोन मिनिटांत तो खुर्चीखाली, चार मिनिटांत पेरूच्या झाडावर. शामराव म्हणाले, "तुम्ही हटा, बापूराव. मी पाहून घेतो." आणि ओरडले, "सावधान!"

पोरगा ताठ. श्वाससुद्धा बंद. शामराव शेजारी शिट्टी घेऊन उभे राहिले आणि तीन रविवारांत चित्र पूर्ण झालं. छाया, प्रकाश, बटणांवरची चमक, सगळं अगदी शिकवल्याबरहुकूम. मुलाच्या आईला दाखवलं. ती कितीतरी वेळ पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "मास्तर, याले कोनं मारलं?"

०

दुसरी अडचण म्हणजे तीट. आमच्याकडे पोर घराबाहेर काढायचं तर आधी गालावर काजळाचा ठिपका. दृष्ट लागू नये म्हणून. त्यातून आज पोराचं चित्र काढणार म्हटल्यावर आया दुप्पट मोठी तीट लावून पाठवायच्या.

बापूरावांना ते अजिबात खपायचं नाही. "गालावर उजेड कसा उतरते ते पाहाचं असते मले. मधात हा डांबराचा ठिपका!" ओलं फडकं त्यांच्या खांद्यावरच असे. पोर आलं की आधी तीट पुसायची, मग खुर्ची. आई ओसरीवर बसलेली असली की ती पुन्हा लावायची, हे पुन्हा पुसायचे.

एकदा एका शिंपिणीचं पोर आलं. बापूरावांनी फडकं घेतलं आणि पुसायला लागले. ठिपका जाईना. त्यांनी साबण लावला. पोर रडून लालबुंद. शेवटी ते टर्पेंटाइनच्या बाटलीकडे वळले, तेव्हा ती बाई उठून आली.

"राहू द्या, मास्तर," ती म्हणाली. "तीळ हाय तो. देवानं लावला."

पुढे महिनाभर काही खराब दिसलं की आम्ही बापूरावांना म्हणायचो, "राहू द्या. देवानं लावला." भाजीत मीठ जास्त पडलं तरी तेच.

०

मखमली कोटाचा किस्सा वरोऱ्यात अजून सांगतात. आल्बममध्ये आहे तसा निळ्या मखमलीचा कोट आणि लेसची कॉलर बापूरावांनी शिवून घेतली होती. कोट एकच. जो मुलगा बसेल त्याला तोच चढवायचा, मागून टाचण्या लावायच्या. त्यामुळे गावातल्या सात घरांत सात वेगळी पोरं एकाच कोटात भिंतीवर होती. एका लग्नात दोन आयांची त्यावरून जुंपलीसुद्धा. तुझ्या पोरानं माझ्या पोराचा कोट काऊन घातला म्हणून!

त्याच कोटात त्यांनी कापसाच्या एका व्यापाऱ्याचा नातू रंगवला. हंगाम कापसाचा. सरकी काढायचं जिन रात्रंदिवस चालू, रुईचे तंतू साऱ्या गावात उडत होते आणि तेलरंग तर आठ-आठ दिवस ओला राहतो. बापूरावांनी चित्र ओसरीवर वाळत ठेवलं आणि ते शाळेत आले. संध्याकाळी पाहतो तर मुलाला पांढरी दाढी, पांढऱ्या मिशा, भुवयासुद्धा पांढऱ्या. ओढून काढावं तर रंगच निघून येई!

बापूराव डोकं धरून बसले होते, तेवढ्यात व्यापारी शेठ स्वतः चित्र न्यायला हजर. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. शेठ चित्रासमोर गेले. टोपी काढली. डोळे भरून आले त्यांचे.

"मास्तर," ते म्हणाले, "माह्या बापाले तुम्ही कुठी पाह्यलं होतं?"

चित्र तसंच घरी गेलं. अजून त्याला हार घालतात.

०

मग हरणाचा प्रसंग. भामरागडकडून बदलून आलेल्या एका रेंजर साहेबांनी चितळाचं पोरकं पाडस वाढवलं होतं. त्यांच्या मुलीला त्या पाडसासोबत रंगवायचं ठरलं. विलायती पोरांजवळ कुत्रा, आपल्या पोरीजवळ चितळ. बापूराव खूश.

मुलगी छान बसली. पाडसही बसलं. बापूराव रंग कालवायला वळले आणि पाडसानं शेजारी उघडा ठेवलेला आल्बम पाहिला. त्या पानावर हातात मडकं घेतलेली एक अनवाणी शेतकऱ्याची पोर होती. बापूरावांचं सगळ्यात आवडतं चित्र. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा पाडसाच्या तोंडातून फक्त मडकं बाहेर होतं.

दोन दिवस बापूराव धड जेवले नाहीत. "आता कोनाले पाहून काढू?" हा एकच प्रश्न. तिसऱ्या दिवशी शामराव वैतागून म्हणाले, "अवो, तशी पोरगी रोज तुमच्या आंगनात येते. कधी मान वर करून पाह्यलं काय?"

०

ती म्हणजे मैनी. राधाबाई जंगलातून मोळी आणून घरोघर विकायच्या. बापूरावांकडे रोज सकाळी त्यांची खेप असे. पाठोपाठ चार वर्षांची मैनी, हातात छोटं मडकं, नाक वाहतं, गालभर बोराचा चिकटा.

बापूरावांनी पेटीतून कोट काढला नाही, खुर्ची मांडली नाही. ती अंगणात बोरं खात हिंडायची, कोंबडीमागे धावायची आणि हे ओसरीवरून पाहत रंगवायचे. तीट मात्र रोज पुसायचे, ती सवय गेली नाही. राधाबाई रोज विचारायच्या, "झालं काय?" हे म्हणायचे, "झाल्यावर दावतो." असा सगळा हिवाळा गेला.

प्रदर्शनाचं पार्सल दुपारच्या गाडीनं जायचं होतं. खोकं तयार, खिळे तयार. आणि बापूराव म्हणाले, "नाई पाठवत. हेही मेणाचंच हाय." आम्ही समजावून थकलो. मला खरंच त्यांची दया आली. इतकी वर्षं एक वाक्य उराशी घेऊन बसलेला माणूस, आता ते पुन्हा ऐकायचीच भीती वाटत होती त्याला.

तेवढ्यात राधाबाई आल्या. चित्र भिंतीला टेकवून उन्हात ठेवलं होतं. त्यांनी मोळी टाकली आणि समोर थबकल्या. पदराला हात पुसले, चित्रातल्या तोंडावरून दोन्ही हात लांबूनच फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग आत वळून बापूरावांच्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, काजळ हाय काय जी?"

वहिनींनी डबी आणली. आम्ही काही म्हणायच्या आत राधाबाईंनी चित्रातल्या मैनीच्या डाव्या गालावर तीट लावली.

"अवो बाई, हे नागपूरले जाते!" शामराव म्हणाले.

"म्हनूनच त लावली," राधाबाई म्हणाल्या. "परक्या गावाले जाऊन राह्यली पोरगी."

खरी मैनी इतका वेळ मडकं धरून उभी होती. आईनं दुसरीच्याच गालाला हात लावलेला पाहून तिनं भोकाड पसरलं. "मले बी! मले बी!"

बापूराव खाली उतरले. वहिनींच्या हातातली डबी घेतली, मैनीपुढे उकिडवे बसले आणि तिच्या गालावर बोटानं तीट लावली. जरा मोठीच लागली. मैनी गप्प झाली.

शामरावांनी घड्याळ पाहिलं. बापूरावांच्याच खांद्यावरचं ओलं फडकं ओढून ते चित्राकडे निघाले. "गाडीले तासच उरला. हा डाग पुसतो आन् खोकं ठोकतो. परीक्षक काय म्हनतीन?"

बापूरावांनी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"राहू द्या, शामराव," ते म्हणाले. "तीळ हाय तो."