बूथवाल्याची बहीन

सभा झाली त्या दिवशी आमच्या कामन गावात पंचायतीच्या ओट्यावर कोन कोन होतं ते आधी सांगते. सरपंचभाऊ होते. चौकीतला हवालदार होता, एकटा खुर्चीवर. शाळेतल्या वंदनाबाई होत्या, हातात पेपर. किरानावाला धनाशेठ होता, गोडाऊनवरची दहा-बारा मानसं होती, आम्ही पान्याच्या पंपावरच्या बाया होतो. आनि सगळ्यांच्या मागं, काखेत कुबडी घेऊन, पाठ करून उभा होता तो बूथवाला.

पाठ करून उभं राहायची त्याची सवयच. नाक्यावर त्याची एसटीडीची टपरी. एक पाय लहानपनीच वाळलेला, म्हनून सरकारनं त्याला फोन दिलेला. काचेची खोली वगैरे काय नव्हती. तो नंबर लावून द्यायचा, पलीकडून कोनी बोललं की कुबडी उचलायचा, पायरी उतरायचा आनि उन्हात रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा.

"बोला मावशी, मी बाहेर आहे."

एकदा मी म्हनाले, "अरे बस की आत. पाय भरून येल. मी काय राजाचं गुपित सांगते काय?"

तो म्हनाला, "ऐकलं की लक्षात राहतं मावशी. लक्षात राहिलं की कोणीतरी विचारायला येतं."

गुपित माझ्याकडं होतं. माझी लेक सुमन. तिच्या नवऱ्यानं तिच्या अंगावर रॉकेल ओतलं. काड्या सादळलेल्या होत्या, पेटली नाय, म्हनून ती राहिली. तशीच पळाली. लांब एका गावी दवाखान्यात आया म्हनून लागली. गावात मी सांगायची, कुटं गेली ठाऊक नाय. जावई ट्रकवाला, चौकीत त्याची ऊठबस. आनि मी दर गुरुवारी दुपारी बूथवर जाऊन तिचा आवाज ऐकायची.

तेव्हा पेपरात रोज तेच येत होतं, लोकांचे फोन सरकारनं ऐकावे की नाय. आमच्याकडं गोडाऊन फुटली, माल चोरीला गेला, तशी हवालदारानं सभा बोलावली. म्हनाला, बूथवर वही ठेवायची. कोनी फोन केला, कुटं केला, सगळं लिवायचं.

सरपंचभाऊ म्हनाले, "आपन काय चोर हाय? नाव लिवलं तर काय झिजतं आपलं?"

वंदनाबाई म्हनाल्या, "आज नाव लिहितील. उद्या काय बोललात तेही लिहून मागतील."

धनाशेठ म्हनाला, "बाई, तुमचा असा कोनता फोन असतो वो?" सगळे हसले. मी पन हसले.

मग बूथवाला वळला. "वही मी ठेवतो साहेब. पण ती वाचणार कोण, तेवढं कागदावर लिहा."

"लंगड्या, तू फोन लावायचं काम कर," हवालदार म्हनाला.

त्याच आठवड्यात माझा तांब्याचा हंडा चोरीला गेला होता. मी रागात होते. वहीला मंजुरी द्यायचा कागद फिरला, त्याच्यावर पयला अंगठा मी उठवला.

गुरुवारी गेले तर टेबलावर वही, सुतळीनं बांधलेलं पेन. "मावशी, तुमचं नाव लिहू?" त्यानं विचारलं. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते.

त्यानं माझ्याकडं पायलं. मी कोनाशी बोलते ते त्याला मी कधी सांगितलं नव्हतं, आनि त्यानं कधी विचारलं नव्हतं. नेहमीसारखा नंबर लावला. "बोला. मी बाहेर आहे."

बोलून झाल्यावर मशीनातून निघालेली नंबराची चिठ्ठी माझ्या हातात दिली, "चुलीत घाला." मग वहीत लिवायला लागला. मला वाचता येत नाय.

"काय लिवलंस?"

"मी माझ्या बहिणीला फोन केला. गाव दुसरं, नंबर दुसरा."

"तुला कुटं बहीन हाय?"

"आता आहे ना."

असं दोन-तीन महिने चाललं. वही चौकीत जायची, यायची. एका गुरुवारी मी पंपावर पानी भरत होते. समोरच बूथपाशी जीप थांबली. हवालदार उतरला, आनि त्याच्यामागून माझा जावई. वही त्याच्याच हातात होती.

"दर गुरुवारी हा नंबर कोनाचा?" जावयानं बूथवाल्याला विचारलं.

"माझ्या बहिणीचा."

"लाव. आमच्यासमोर बोल."

बूथवाला म्हनाला, "लावतो. पण फोन चालू असताना मी आत कोणाला ठेवत नाही. तुम्ही बाहेर व्हा."

हवालदारानं त्याच्या थोबाडीत मारली. मग स्वतः नंबर फिरवला. थोडं ऐकून फोन ठेवून दिला. "असा नंबरच नाय. खोटी वही ठेवतोस?"

जावयानं मान वळवून माझ्याकडं पायलं. माझा हंडा भरून वाहत होता. मी तोंड उघडलं असतं तर त्याला सोडला असता. मी उघडलं नाय. बूथवाल्यानं एकदापन माझ्याकडं पायलं नाय. त्याला जीपमधी घातला, कुबडी पायरीवरच राहिली.

तिसऱ्या दिवशी तो सुटला. तोवर फोन काढून नेला होता. तो गाव सोडून चालला कळलं, तशी मी कुबडी घेऊन स्टँडवर गेले. त्याचा एक डोळा सुजलेला. मी कुबडी त्याच्या काखेत दिली.

तो म्हनाला, "मावशी, गुरुवारी आता वसईला जात जा. तिकडं बूथवर गर्दी असते, कोणी कोणाला ओळखत नाही."

एसटी आली. तो चढला. कुटं जातो ते मी विचारलं नाय, आनि फोनवरची ती माझी कोन ते त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाय.

जावयाला सुमन कधी सापडली नाय. हे माझ्या तोंडचं लिहून घेतेय ती तीच.

तुम्ही हे वाचत असाल तर येवढं करा. आता त्याचे पन केस पिकले असतील. कुटं कुबडीवाला मानूस भेटला, आनि तुमचा फोन वाजल्याबरोबर तो उठून लांब गेला, पाठ करून उभा राहिला, तर तो तोच. त्याला सांगा, कामनच्या मावशीची लेक होती ती. जिवंत हाय.