कुत्र्यांना गप करणारे मामा

"आधी तुमी गप बसा बघू. कुत्र्याचं मागनं बघू."

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की मामांचं पहिलं वाक्य हे असायचं. घरमालक वकील असो नाहीतर गुळाचा व्यापारी, वाक्यात फरक नाही. हाताचा पंजा खाली दाबत ते अख्ख्या घराला बसवायचे आणि स्वतः उंबऱ्याजवळ, कुत्र्याकडे पाठ करून मांडी घालायचे. कुत्रं भुंकून भुंकून दमायचं. मामा तंबाखू मळत राहायचे.

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते, सगळ्यांचेच मामा. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, म्हशीला आडवं पाडणं ही त्यांची कामं. मी तिथंच क्लार्क होतो. बी. ए. झालेला, आमच्या घराण्यातला पहिला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे घडलं त्यात या गोष्टीचा वाटा आहे. मामा माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, सातवी शिकलेले, जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातले शेतकरी. तरी मला 'भाऊसाहेब' म्हणायचे. मला ते आवडायचं.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात बंगल्यांची हौस वाढली आणि तिच्यामागनं कुत्र्यांची. तुम्हीही बघितलं असेल, दारात पाटी, गेटला साखळी, साखळीला कुत्रं, आणि ते दिवसभर भुंकतंय. माणसं दवाखान्यात येऊन विचारायची, गप बसायचं इंजेक्शन मिळतं का. एकजण ऐकून आला होता की मोठ्या शहरात कुत्र्याचा आवाजच काढून टाकायचं ऑपरेशन करतात. डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आत मामा मागून म्हणाले, "दारावरची बेल लई वाजत्या म्हणून पावण्याचा हात तोडता व्हय?"

एका बंगल्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथलं पामेरियन सकाळपासून भुंकायचं आणि मालकीणबाई सकाळपासून त्याच्यावर 'शटप, शटप' म्हणून ओरडायच्या. मामांनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमी वरडला की त्येला वाटतंय मालकीण बी माझ्या बाजूनं भुंकालीया. मग त्येला आणखी जोर येतोय." बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पंधरा दिवसांनी कुत्रं शांत झालं. त्यांचे यजमान दवाखान्यात पेढे घेऊन आले आणि हळूच म्हणाले, मामा, घरात आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते, दोन्ही आवाज थांबले.

त्यांची पद्धत साधी होती. पहिले दोन दिवस फक्त बसून बघायचं, कुत्रं कधी भुंकतं आणि कशावर. मग साखळी लांब करायला लावायची. सकाळी त्याला तासभर पळवून दमवायला लावायचं. आणि मग मुख्य काम. ते मालकालाच सांगायचे, "भुंकतंय म्हंजे काय तरी सांगालंय. दोनदा सांगू दे. मग उठून जायाचं, बघायचं, आन् त्येला म्हणायचं, बघितलं. त्येचं काम झालं. गप बसलं की त्याच घटकेला भाकरीचा तुकडा." काठी कुणी उचलली तर मामा चप्पल घालून चालू लागायचे. चहाशिवाय कुणाकडून काही घ्यायचे नाहीत.

दवाखान्यात चावरं कुत्रं आलं तर मात्र त्याचं तोंड बांधावं लागे. बँडेजची लांब पट्टी, नाकावरून एक वेढा, जबड्याखाली दुसरा, कानामागं गाठ. मामांचे हात इतके झरझर चालायचे की कुत्र्याला राग यायच्या आत काम संपायचं. मी कुत्रं धरायला असायचो. दर वेळी मामा म्हणायचे, "चला, आटपा. ह्येला घाम न्हाय येत, भाऊसाहेब. आतली गरमी सगळी जिभंवाटं भाईर जात्या. तोंड लई वेळ बांधायचं न्हाय." मी हे वीस वेळा तरी ऐकलं असेल.

त्याच सुमारास मी कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या बाजूला, उसाच्या कडेला पडलेल्या नव्या कॉलनीत घर बांधलं. आम्ही बौद्ध. कॉलनीत आमचं एकच घर. वस्तीतून आई आली, आणि वस्तीतलंच एक तांबडं कुत्रं तिच्या मागोमाग आलं. बंड्या. वस्तीत चारी बाजूंनी माणसं असायची, इथं दिवसभर आई आणि तो दोघंच. तो भुंकायला लागला. कारखान्याचा भोंगा झाला की भुंकायचा, सायकल गेली की भुंकायचा, काही नसलं तरी भुंकायचा.

पाचव्या महिन्यात कॉलनीच्या सह्यांचं पत्र आलं. महिन्याच्या आत कुत्र्याची व्यवस्था लावावी, नाहीतर कुत्री धरणारी गाडी बोलावू. त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. पत्रात पुढं एक वाक्य होतं, 'काही नवीन रहिवाशांना कॉलनीत राहण्याची शिस्त नाही.' अक्षर सुंदर होतं. शेजारच्या निवृत्त गुरुजींचं. त्यांच्या पत्नीला हृदयाचा त्रास होता, दुपारी डोळा लागत नव्हता, हे खरं होतं. पण मला ते एकच वाक्य दिसत राहिलं. पंधरा वर्षं मी शिस्तीनं शिकलो होतो. दिव्याखाली, रॉकेल संपेपर्यंत.

मामांना सांगितलं. ते त्याच दिवशी सायकलवरून आले आणि आईला म्हणाले, "अक्का, आधी तुमी गप बसा." आई म्हणाली, "मी कुठं बोलालोय? तुमीच बोलालाय की." मामा इतके हसले की तंबाखू सांडली. त्यानंतर रोज सुटल्यावर ते यायचे. आई त्यांच्या हाताखाली चांगली तयार झाली. बंड्या दोनदा भुंकला की पदर खोचून फाटकाशी जायची, रस्त्यावर नजर टाकायची, 'बघितलं रे बाबा' म्हणायची. तीन आठवड्यांत बंड्याचं दिवसभराचं भुंकणं दोन-दोन हाकांवर आलं. मामा म्हणाले, "एवढं ऱ्हाऊ दे त्येचं. ह्याच्या खाली उतरवायचं न्हाय. कुत्रं हाय त्ये."

महिना भरला तशी रविवारी कॉलनीची बैठक झाली. मी फरक सांगितला. गुरुजी म्हणाले, कमी झालंय हे मान्य आहे, पण बंद कुठं झालंय? मागून कुणीतरी म्हणालं, त्यांच्या वस्तीत चालत असेल. दोघंतिघं हसले. गुरुजी हसले नाहीत, हे मी आज कबूल करतो. तेव्हा मला सगळेच हसल्यासारखे वाटले. मी उठून म्हणालो, "उद्यापास्नं एक आवाज येणार नाही."

एवढं बोलून मी घरी आलो.

सोमवारी आई मावशीकडे गेली होती, दोन दिवसांसाठी. घरात उठून बघणारं कुणी नव्हतं. एप्रिल महिना होता. मी दवाखान्यातून आणलेली बँडेजची पट्टी काढली. नाकावरून एक वेढा, जबड्याखाली दुसरा, कानामागं गाठ. मामांच्या हातात बघून शिकलो होतो. बंड्यानं काही केलं नाही, तो माझ्या ओळखीचा होता. भिंतीला घासून पट्टी काढेल म्हणून दोरी आखूड केली. सावलीत बांधला. शेजारी पातेलं भरून पाणी ठेवलं आणि ऑफिसला गेलो. पाणी ठेवल्याचं मला समाधानही वाटलं. तोंड बांधलेलं कुत्रं पाणी कसं पिणार, हे बी. ए. झालेल्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी मामा गाई तपासायच्या शिबिराला बाहेरगावी होते.

साडेपाचला आलो तेव्हा सावली फिरून भिंतीपलीकडं गेली होती. बंड्या आडवा पडला होता. मी आधी पट्टी कापली आणि खिशात घातली. हात लावून बघितलं ते त्यानंतर. कोणतं काम आधी केलं, हे मी आयुष्यभर विसरलो नाही.

समोरच्या घरातल्या बाई आल्या. काय झालं म्हणाल्या. मी म्हणालो, "कुणीतरी काहीतरी टाकलं असेल." इतकंच. नाव कुणाचंच घेतलं नाही. त्याची गरजही नव्हती. पत्र कुणी लिहिलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बातमी रात्रीतच वस्तीत पोचली. सकाळी तिथली दहा-बारा माणसं आली. माझे चुलतभाऊ, त्यांचे मित्र. ती गुरुजींच्या फाटकासमोर उभी राहिली. कॉलनीतलेही जमले. गुरुजी बनियनवर दारात आले होते. म्हणत होते, मी शिक्षक माणूस, मी मुक्या जनावराला विष घालीन काय? आतून त्यांच्या पत्नी त्यांना हाका मारत होत्या. माझा चुलतभाऊ म्हणाला, लिहायला येतं त्याला घालायला पण येतं. मी तिथं उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. तो शब्द बोललो असतो तर मागून हसणाऱ्यांना आयुष्यभर पुरेल एवढं हसू मिळालं असतं. मी गप्प राहिलो.

कुणीतरी मामांना घेऊन आलं. सरकारी दवाखान्याचा माणूस, तो सांगेल ते खरं, असं दोन्हीकडनं ठरलं. मामा बंड्याजवळ बसले. ओठ वर करून हिरड्या बघितल्या. पुढचे पंजे उलटे करून बघितले. मग नाकावरून बोट फिरवत कानामागं नेलं, जिथं केस एका ओळीत चपटे बसले होते. बोट तिथं थांबलं.

"पाणी ठेवलतं?" त्यांनी विचारलं.

मी पातेलं दाखवलं. ते काठोकाठ होतं. मामांनी पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नळाकडं बघायला लागलो.

ते उठले, हात झटकले.

"विष न्हाय," ते म्हणाले. "उन्हानं गेलंय. सावली फिरली, दोरी आखूड पडली. जावा सगळी घरला."

चुलतभाऊ म्हणाला, "मामा, नक्की न्हवं?"

"तीस वर्सं जनावरं बघालोय, पावणं. विषानं गेलेलं असं दिसत न्हाय. त्या म्हाताऱ्याच्या दारातनं हला आधी."

माणसं पांगली. गुरुजींनी लांबूनच मामांना हात जोडले, मग मलाही. मला का, ते कळलं नाही. मी मान हलवली.

उसाच्या बांधाला मामांनीच कुदळ मारली. मी माती ओढली. सायकलवर टांग टाकताना म्हणाले, "आई येतील उद्या. त्यास्नी खरं काय ते सांगा, भाऊसाहेब. त्यांनी लई कष्ट घेतलंत त्येच्यावर."

मी आईला सांगितलं, ऊन लागलं. ती खूप दिवस म्हणत होती, मी गेले नसते तर वाचला असता. मी तिला म्हणू दिलं.

मामांनी दवाखान्यात कुणाला काही सांगितलं नाही. माझ्याशी बोलणं पूर्वीसारखंच होतं, चहा पूर्वीसारखाच. एकच बदल झाला. चावरं कुत्रं आलं की ते शिपायाला धरायला बोलवायचे आणि आतून दार लोटून घ्यायचे. मला पुन्हा कधी बोलावलं नाही. दार लोटल्याचा तो आवाज मी दोन वर्षं ऐकला. मग बदली मागून घेतली.

पुढं मामा निवृत्त होऊन गावी गेले. गुरुजींच्या पत्नी गेल्या, मागून गुरुजी. आईसुद्धा. मामांकडं जायचं मी दरवर्षी ठरवायचो, आणि जाऊन काय बोलायचं हे ठरत नसल्यामुळं राहायचं. मग एक दिवस जुन्या शिपायाचा फोन आला की मामा गेले, तेरावंही झालं.

मी गेलो. दगडी पायऱ्यांचं छोटं घर. मामी एकट्याच होत्या, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे बावड्याचे भाऊसाहेब. ह्यांच्या तोंडात लई असायचं तुमचं. म्हणायचे, दवाखान्यात एवढा शिकलेला माणूस हाय, पर माझ्यासंगं म्हस धराय येतोय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पट्टी, दोरी, पातेलं, गुरुजींचं फाटक. पहिल्यांदाच कुणाला तरी. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या.

"ह्ये त्यांनी घरात कधी काढलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मलाबी न्हाय."

मग त्यांनी विचारलं, "लई तळमळलं असंल, न्हाय ओ?"

मी तेव्हा ऑफिसात होतो, असं म्हणता आलं असतं. तेही खरंच होतं. पण त्या संध्याकाळी कुणी यायच्या आत मी आणखी एक काम केलं होतं, जे वर लिहिलेलं नाही. बंड्यानं दोरी पुरेल तिथली जमीन गारव्यासाठी उकरली होती. तो खड्डा मी पायानं माती लोटून बुजवला होता.

मी उजवा हात पुढं केला आणि डाव्या हातानं कोपराला धरून मामींना दाखवलं.

"एवढा खोल गेलता," मी म्हणालो.