शकूमावशीची काशाची ताटं

भाड्याने दिलेली ताटं परत आली की शकूमावशी आधी प्रत्येक ताट वाजवून बघायची. डाव्या हाताच्या बोटांवर ताट तोलायचं, उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून काठावर एक टकोरा मारायचा आणि कान जवळ न्यायचा. खणखणीत वाजलं तर ताट उजवीकडे, बद्द वाजलं तर डावीकडे. काशाला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, तो आवाजातच कळतो. डावीकडची ताटं वितळवायला रायपूरच्या गोल बाजारात जायची. "माणसाले दहा बार विचारा, सांगत नाही," ती म्हणायची. "याले एक टकोरा मारा, सगळं सांगून टाकते."

मावशी आमच्या शेजारची. यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर सासूच्या वीस ताटांवर तिने हा उद्योग सुरू केला. स्टीलच्या हौसेपायी लोक जुनी भांडी मोडीत काढत होते, तेव्हा ही बाई गोल बाजारात बसून ती निवडून आणत होती. शंभरावर काशाची ताटं, पितळी समया, तांब्याचं गंगाळ, चांदीची गुलाबदाणी, फुल्या ठोकलेले पाट. रायपूरच्या निम्म्या मराठी लग्नांच्या पंगती तिच्या ताटांवर उठल्या असतील. अट एकच, ताटं जेवायला मिळतील, सजावटीला नाही.

एकदा नवा रायपूरहून एक डेकोरेशनवाला आला. त्याला स्टेजमागच्या भिंतीवर ताटं टांगायची होती. "आंटी, फोटो में बहुत अच्छा आएगा," तो म्हणाला. मावशीने त्याला काशाच्या ताटात पोहे दिले आणि समोर बसली. "अब बोल. फोटो जेवते का?" तो गडी दोनदा पोहे मागून खाऊन रिकाम्या हाताने परत गेला.

मी सरकारी कचेरीतली कारकून. रविवारी मावशीकडे ताटं पुसायला बसायचे, ते मदतीपेक्षा तिच्या बोलण्याच्या लोभाने. अशाच एका रविवारी तिने एक ताट वाजवलं. माझ्या कानाला ते स्पष्ट बद्द लागलं. मावशीने ते उजवीकडे ठेवलं. मला वाटलं, चुकून ठेवलं असेल. थोड्या वेळाने आणखी एक तसंच गेलं. ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी दोन्ही ताटं गुपचूप डावीकडे सरकवली.

त्यानंतर तेच माझं काम झालं. तिच्या कानांचा दोष ती बाकी सगळ्यांवर ढकलत होती. "हा फोनच आता हळू बोलून राहिला." माझी मुलगी तिला हिंदीत उत्तर द्यायची, तर म्हणे, "हे पोट्टी एक तर हिंदीत बोलते, वरून पुटपुटते." मी एकदा कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं. "काहून? माह्या कानाले का झालं?" एवढंच म्हणून ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग मीही तो विषय सोडला.

तिच्या हट्टाला कारण होतं. मुलगा बंगळूरला. त्याने सांगून ठेवलं होतं की तब्येतीची एक जरी तक्रार कानावर आली तर भांडी विकायची आणि आईला घेऊन जायचं. मुलगा वाईट नव्हता, उलट फार काळजीचा होता. पण तिथे बाराव्या मजल्यावर मावशी करणार काय? आणि खरं सांगायचं तर, ती गेल्यावर मी इथे काय करणार? म्हणून मी दोन वर्षं ताटं सरकवत राहिले.

मग कचेरीने मला आठवडाभर बिलासपूरला पाठवलं. त्या आठवड्यात परत आलेली ताटं मावशीने एकटीने निवडली. परतले त्याच दिवशी त्या ताटांवर एक लग्न होतं. मी थेट हॉलवर पोचले तर पानं मांडून झालेली, मीठ-लिंबू वाढलेलं. वाजवून बघायची सोय उरली नव्हती. मी देवाचं नाव घेत एका कोपऱ्यात उभी राहिले.

नवरा-नवरीला एकाच ताटात वाढलं होतं. घास भरवण्यासाठी नवरीने ताट काठाला धरून जरा उचललं आणि ते तिच्या हातात दुभंगलं. कढत वरण मनगटावर सांडलं. पोरगी किंचाळली. कोणीतरी बर्फ आणला, मागून एक बाई अपशकुन म्हणून पुटपुटली. नवरीची आई मात्र मावशीलाच म्हणाली, "राहू द्या मावशी, होते असं." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मावशीने ताटाचा मोठा तुकडा उचलला. टकोरा मारला, कान लावला. पुन्हा मारला. मग तुकडा माझ्यापुढे धरला. "वाजव."

मी वाजवला.

"कसा आला आवाज?"

"बद्द आला, मावशी." मला ओरडावं लागलं. लोक बघत होते.

"मले काहीच नाही आला." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुले माहीत होतं न? केव्हापासून?"

"दोन वर्षं."

"अन् सांगतलं काहून नाही?"

उत्तर माझ्याकडे होतं. पण चारचौघांत, ते ओरडून, कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच मुलाला फोन केला. महिन्याभरात घर रिकामं झालं. ताटं एका डेकोरेशनवाल्याने नेली. तो ती कुठे टांगणार, हे तिने विचारलंसुद्धा नाही. आता तिला अजिबात ऐकू येत नाही. मुलगा सगळं लिहून दाखवतो म्हणे. मीही मेसेज करते, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. हॉलवर राहून गेलेलं ते उत्तर तेवढं लिहून होत नाही.

पण दर रविवारी ती फोन करतेच. लिफ्टचं सांगते, सुनेच्या हातच्या सांबाराचं सांगते, मनसोक्त बोलते. मग म्हणते, "आता तू बोल," आणि थांबते. समोरच्याला बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढाच अंदाजाने थांबते. त्या वेळात मी दर वेळी तेच सांगते, की मावशी, सांगितलं असतं तर तू गेली असतीस, आणि मला तू इथे हवी होतीस, चूक माझी आहे.

"हव, हव," ती मायेने म्हणते. "तब्येतीले सांभाळ." आणि फोन ठेवते.