कुसुमने दहाच्या दहा पाडल्या

मंडळी, आज दुपारी मी माझ्या सख्ख्या मैत्रिणीवर जळले. अडुसष्टाव्या वर्षी!

नगरच्या जुन्या बाजारपेठेचं रूप पालटतंय. तिथल्या एका बंद पडलेल्या गोदामात आज बोलिंगचा हॉल सुरू झाला. कुसुम मला ओढतच तिथं घेऊन गेली.

एकाहत्तर साली आम्ही दोघी पुणतांब्याला नववीत होतो. लगोरीत माझ्या नेमाला तोड नव्हती. तालुक्याच्या खेळांसाठी सरांनी आधी माझंच नाव घेतलं होतं. पण वडील म्हणाले, "पोरीनं परगावी जाऊन चेंडू फेकायचा न्हाई." माझ्या जागी कुसुम गेली. पुढं ती खेळाची शिक्षिका झाली.

आज तिनं तो जड चेंडू सोडला. तो घरंगळत निघाला तेव्हा मी मनात म्हणत होते, चुकू दे, चुकू दे. दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या. हॉलभर टाळ्या.

कुसुम सगळ्यांना सांगत सुटली, "हिचा नेम माझ्यापेक्षा लई भारी हुता!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "टाक की गं तू बी."

"खांदा दुखतोय," मी म्हणाले. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. चुकले असते तर तिचं ते कौतुकही खोटं ठरलं असतं.

तिनं माझं काही हिसकावलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी जळतेच.

तुम्हालाही आहे का अशी एखादी जिवलग, जिचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं, फक्त आपल्यापेक्षा जरा कमी?