फळीखाली हात घातला तेव्हा

पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या आमच्या दोन खोल्यांपुढे सागवानी फळ्यांचा एक ओटा आहे. जमिनीपासून हातभर उंच, खालून पोकळ. शहरातले पाहुणे त्याला डेक म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. पावसाळ्यानंतर अभयारण्य उघडतं, लोक वाघ बघायला येतात. त्याआधी दरवर्षी त्या डेकला रंग द्यावा लागतो. रंग देणं सोपं. जीव जातो तो आधीच्या तयारीत. सोड्यानं शेवाळ घासा, फळ्या खडखडीत वाळू द्या, वर आलेले खिळे ठोका, मग गुडघ्यावर बसून पॉलिश पेपरनं जुना रंग उतरवा.

त्या सकाळी मी घासत होतो आणि बायको फळ्यांमधल्या फटी साफ करत होती. मी मुळात भित्रा माणूस. झरीच्या जंगलाला लागून राहतो, पण अंधार पडला की अंगणात जायलाही मला टॉर्च लागतो. बायको नेमकी उलट. कोपऱ्यातली एक फळी उधळीनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली होती, ती तिनं सब्बलीनं उचकटली आणि खाली साचलेला पालापाचोळा सरळ हातानं उपसायला लागली.

"काठीनं काढ ना," मी म्हटलं.

"काठीनं काय निंघते?" म्हणत तिनं कोपरापर्यंत हात आत घातला, आणि झटकन बाहेर ओढला.

"काय झालं वं?"

"काई नाई. खिळा लागला वाट्टे."

बोटावर टाचणी टोचल्यासारखा एक लाल ठिपका होता. सूज नाही, रक्तही धड नाही. मी टॉर्च आणून फळीखाली पाहिलं. खिळा कुठंच दिसला नाही. आडव्या लाकडाला लागून एक कात पडली होती, लांब, पातळ, ताजी. मण्यार चावली तर पुष्कळदा कळतही नाही. दुखत नाही, सुजत नाही, माणूस हसत-बोलत असतो आणि मग त्याच्या पापण्या जड व्हायला लागतात. लहानपणापासून ऐकलेलं हे सगळं मला एकदम आठवलं.

त्या जनावराचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही. मी नुसती कात दाखवली. तिनं ती पाहिली आणि बोट पदराला पुसलं.

आमच्या गावात अशा वेळी पहिलं काम ठरलेलं असतं. कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही, नाही लागला तर चढलं. दवाखाना त्यानंतर. मी शिकलेला माणूस, पण पाय आपोआप लिंबाकडे धावले. मूठभर पाला ओरबाडून आणला. ती चावत राहिली आणि मी तिच्या तोंडाकडे बघत उभा.

"कडू हाय?"

"कडूच हाय. कायले घाबरता?"

हायसं वाटलं. इतकं, की हातात उरलेली पानं मीही तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली. चवच नाही! घशाला कोरड पडली होती, तोंडात नुसता चोथा फिरत होता. मला तर काही चावलं नव्हतं. मग या पाल्याचा भरवसा काय? माझं खोटं सांगतो, तर तिचं खरं कशावरून? आणि आपण इथं उभं राहून वेळ घालवतोय!

हे तिला सांगायची हिंमत झाली नाही. "खिळा गंजलेला असंन," मी म्हटलं. "चाल, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन येऊ."

दवाखान्याचं नाव काढलं की वाद घालणारी ही बाई मुकाट्यानं गाडीवर बसली, त्यानं मी आणखीच घाबरलो. वाटभर तिला बोलतं ठेवलं. उत्तराला जरा उशीर झाला की मला घाम फुटायचा. आरसा वळवून मी तिच्या पापण्या बघत होतो; सोयाबीनच्या एका ट्रॅक्टरवर आदळता आदळता वाचलो.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मान उचलायला लावली. मी कातीचं सांगितलं. त्या आमच्याच भागातल्या असाव्यात, कारण त्यांनी लगेच विचारलं, "पाला खाल्ला का?"

"खाल्ला," मी घाईघाईनं म्हणालो. "कडू लागला."

बायकोनं मान खाली घातली. "नाई लागला. माती चावल्यासारकं लागलं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "मंग मले कडू काहून सांगतलं?"

"तुमचे हात कसे कापून राह्यले होते, पाह्यलं का? गाडी तुमालेच चालवाची होती."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भीतीनंही तोंड कोरडं पडतं, पण त्यावर विसंबून चालत नाही. उद्यापर्यंत इथंच ठेवू. तिला सलाईन लागलं. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. तिनं डोळे मिटले की मी हाक मारायचो आणि ती चिडून डोळे उघडायची. तिच्याशिवाय मला जगता येणार नाही, हे काही मला तिथं बसून कळलं नाही. ते आधीपासूनच ठाऊक होतं, म्हणून तर एवढी भीती.

उजाडलं. डॉक्टरीणबाई अजून यायच्या होत्या. मी फाटकाबाहेरच्या टपरीवरून चहा आणला. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"किती साखर घालून आनली जी?"

"गोड लागते?"

"गोड? पाक हाय पाक."

मी तिथंच स्टुलावर बसून रडलो. तिनं तो चहा माझ्या हातात दिला आणि बिनसाखरेचा दुसरा आणायला सांगितलं.